सैल जर्सी

मैदानी खेळांच्या गणवेशावरून बेतलेला, अंगाला न चिकटणारा आणि स्त्री-पुरुष दोघांनाही वापरता येणारा विणीचा सदरा. खेळाशी त्याचे नाते आता रूपापुरते उरले असून तो मुख्यतः उन्हाळ्यात घरी, प्रवासात किंवा फिरायला जाताना घालतात.

‘जर्सी’ हे नाव इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावरून आले. तेथील हातविणीच्या लोकरी कपड्यांचा व्यापार सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भरभराटीला आला होता, आणि समुद्रावर जाणारे कोळी असे कपडे गारठ्यापासून बचाव म्हणून घालत. (जर्सी गाईचे मूळही हेच बेट.) थंडीसाठी जन्मलेल्या कपड्याचे नाव अशा रीतीने ऐन उन्हाळ्यातल्या कपड्याला मिळाले. एकोणिसाव्या शतकात खेळाडूंनी लोकरी जर्सी स्वीकारली, तेव्हा तिची लवचीक वीण हेच मुख्य कारण होते: मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना धरून ठेवतात, तर जर्सीच्या विणीत धागा टाक्यांत टाके गुंफत जात असल्याने कापड ताणले जाते व पुन्हा पूर्ववत होते.

ढगळपणाही खेळानेच दिला. आइस हॉकी आणि अमेरिकन फुटबॉल यांत जर्सी जाड संरक्षक गाद्यांवरून चढवतात. बास्केटबॉलमध्ये हात मोकळे राहावेत म्हणून काखा खोल कापतात. प्रेक्षकांनी तीच जर्सी गाद्यांविना घातली तेव्हा ती अंगावर लोंबू लागली, आणि १९९०च्या दशकात हिप-हॉप संगीताच्या वर्तुळात हे लोंबणेच शैली ठरले. पाठीवरचे मोठे आकडे मुळात ओळखीसाठी होते. १९३३ च्या एफए चषक या इंग्लंडमधील फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांच्या खेळाडूंना मिळून १ ते २२ क्रमांक दिले होते. सैल जर्सीवरचा आकडा मात्र निव्वळ शोभेचा असतो.

उन्हाळ्यातील सोय केवळ कापडावर अवलंबून नसते. सामान्य हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे पॉलिएस्टरच्या जर्सीत घाम तंतूंच्या पृष्ठभागावरून पसरून लवकर वाळतो. हवा दमट व स्तब्ध असेल तर मात्र हा गुण फारसा कामी येत नाही. अशा वेळी जाळीदार वीण आणि सैलपणा यांचाच खरा आधार असतो, कारण चालताना कापड भात्यासारखे हलून आतली उबट हवा बाहेर लोटते. घट्ट जर्सी कितीही ‘तांत्रिक’ कापडाची असली, तरी तिला हे साधत नाही.

खांद्याची शिवण दंडावर उतरवल्यामुळे खांद्यांच्या रुंदीतील फरक झाकला जातो आणि कमरेला आकार न देता बाजू सरळ शिवतात. तरीही एकच बेत सर्वांना सारखाच बसतो असे नाही: नितंब रुंद असल्यास घेर वर सरकतो, म्हणून काही जर्सींच्या बाजूच्या शिवणी तळाशी उकलत्या ठेवतात. पॉलिएस्टर घामाचा वास धरून ठेवते, त्यामुळे अशी जर्सी वापरानंतर लगेच धुणे बरे. चिकटवलेल्या आकड्यांवर थेट गरम इस्त्री फिरवू नये.