जुनं घर सुटं करून दुसरीकडे उभं करता येतं का? (आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती)

हल्ली महिन्यातून दोन-तीन फोन तरी असे येतातच, की आम्ही चेन्नईला गेलेलो, तिथे ते दक्षिणचित्र बघितलं, तसंच आमचं गावचं घर उचलून इकडे प्लॉटवर आणून द्याल का. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

दक्षिणचित्र म्हणजे मुट्टुकाडूचं म्युझियम, १९९६ मध्ये सुरू झालं. चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याचं घर, केरळमधलं सिरियन ख्रिश्चन घर, आपण ज्या इरकल साड्या नेसतो त्या इरकलच्या विणकराचं घर, सगळं एका आवारात. यातली बरीच घरं खरी आहेत, म्हणजे मालक पाडणारच होते ती विकत घेऊन, सुटी करून, त्या-त्या भागातल्या कारागिरांकडून परत उभी केलेली. कल्पना तशी जुनीच, स्वीडनमध्ये स्टॉकहोमला आर्टुर हाझेलिउसने १८९१ मध्ये स्कान्सेन उघडलं तेव्हापासूनची. भोपाळच्या मानव संग्रहालयात मात्र वेगळं आहे, तिथे आदिवासी लोकांनी स्वतः येऊन आपापल्या पद्धतीने घरं बांधली. आम्हाला विचाराल तर भोपाळची पद्धत जास्त पटते, कारण घराबरोबर ते बांधायची अक्कलही टिकते.

आता मुद्द्याचं. लाकूड प्रवास करतं, माती करत नाही. खांब, तुळया, वासे, दारं-चौकटी हे खाच-कुसूने (एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं टोक बसवून) जोडलेलं असतं, त्यामुळे नीट सोडवलं तर नीट बसतं. जांभ्याचे चिरेसुद्धा बऱ्यापैकी निघतात, पण मध्ये कोणी सिमेंट मारलेलं असेल तर चिरा फुटतो, सांधा सुटत नाही. मातीची भिंत नवीनच घालावी लागते, फार तर जुनीच माती भिजवून वापरता येते. कौलं काढताना थोडी फुटणारच हे धरून चाला. आणि कौलाच्या मागे बघा, कधी कधी बासेल मिशनचा (स्वित्झर्लंडची मिशनरी संस्था, इथे कौलं बनवायची) छाप निघतो, त्यांचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा, असलं कौल भंगारवाल्याला देऊ नका प्लीज.

सगळ्यात महत्त्वाचं काम एकही कौल काढायच्या आधीचं असतं. पूर्ण घराचं मोजमाप, नकाशा, प्रत्येक जोडाचा फोटो, आणि प्रत्येक तुकड्यावर नंबर. सुरुवातीला एका कामात आम्ही खडूने नंबर टाकले, अवकाळी पाऊस आला आणि रात्रीत सगळं धुऊन गेलं, मग शंभरेक वासे अंगणात पसरून आमचे सुतारकाका आठ दिवस कोडं सोडवत बसलेले. तेव्हापासून पत्र्याचे ठोकलेले बिल्ले, आणि तेही जिथे दिसणार नाहीत तिथे. काढायचं वरून खाली, आधी कौलं, मग रिपा (कौलांखालच्या पट्ट्या), वासे, आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड), तुळया, शेवटी खांब, आणि खांबाखालचा दगडी तळखडा विसरायचा नाही, तो बऱ्याचदा मातीत गेलेला असतो.

खांबाचा बुंधा वाळवीने खाल्लेला असेल तर आम्ही पूर्ण खांब बदलत नाही, तेवढाच भाग कापून जुन्याच लाकडाचा जोड देतो. जोड दिसतो. दिसू द्या, लपवायला पॉलिश मारा म्हणाल तर आमचं आणि तुमचं जमणार नाही. भिंतीला चुना, सिमेंट नाही, कारण सिमेंटच्या गिलाव्यामागे ओल कोंडते आणि लाकूड आतून कुजतं.

काम दिवाळीनंतर सुरू, पावसाच्या आत छप्पर पूर्ण, म्हणून उन्हाळ्यात फोन करून "गणपतीला गृहप्रवेश करू" असं म्हणू नका. हिस्सेदार भाऊबंदांच्या सह्या आधी घ्या, आमची दोन कामं तिथेच अडकलीत. सागवान ट्रकने न्यायचं असेल तर वनखात्यात आधी विचारून घ्या.

रेट फोनवर सांगता येत नाही, घर बघावंच लागतं. आणि बघायला आलो की पहिला प्रश्न आम्हीच विचारतो, घर आहे तिथेच दुरुस्त होत नाही का? जागा बदलली की पडवीत येणारं ऊन, वारा, पावसाची दिशा सगळंच बदलतं, ते कुठल्याच नंबरात बसत नाही. धरण, रस्ता किंवा खरंच पाडायची वेळ आली असेल तर हलवू या. नाहीतर गळकी पाच कौलं बदलायला आमचा माणूस एका दिवसात येऊन जातो, त्याचे पैसेही फार नाहीत.