पाळणाघरातील बालआहार

पाळणाघरात दिवस काढणाऱ्या, साधारण सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना तेथे मिळणारे खाणेपिणे, त्याच्या वेळा आणि ते भरवण्याची रीत या सगळ्यांना मिळून पाळणाघरातील बालआहार म्हणतात. आठ-नऊ तास राहणाऱ्या मुलाचे एक मुख्य जेवण आणि दोनदा मधले खाणे तेथेच होते. सकाळी लवकर येणाऱ्याची न्याहारीही होते. दिवसाच्या गरजेचा निम्मा, कधी त्याहून मोठा वाटा असा घराबाहेर भागतो. तो कमी पडला तर रात्री घरी भरून काढता येत नाही, कारण एका बैठकीत लहान पोटात मावते तेवढेच मावते.

पोट लहान, गरज मोठी : बालकाच्या जठरात वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० ग्रॅम अन्न मावते. आठ किलोच्या बाळाला एका वेळी २४० ग्रॅमपेक्षा जास्त जात नाही. याउलट एक ते तीन वर्षांच्या मुलाला दर किलोमागे रोज सुमारे ८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे प्रौढाच्या दुपटीहून जास्त. यातील विश्रांतीच्या वेळी खर्च होणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक भाग वाढता मेंदू घेतो. म्हणून दर अडीच-तीन तासांनी खाणे द्यावे लागते. त्यापेक्षा जास्त अंतर पडले की मूल चिडचिडे होते, खेळातून बाजूला बसते, आणि ते ‘हट्टी’ ठरवले जाते. वेळा नेमक्या पाळल्या की असे बरेच रडणे थांबते.

या लहान जागेचा सर्वात मोठा अपव्यय म्हणजे पातळ अन्न. गिळायला सोपे जावे म्हणून लापशीत पाणी वाढवले की पोट भरते, पण पोषण होत नाही. चमचा तिरका केल्यावर अन्न लगेच ओघळून पडू नये, ही साधी परीक्षा. वाटीभर लापशीत चमचाभर (५ ग्रॅम) तेल किंवा तूप घातले तर आकारमान न वाढता ४५ किलोकॅलरी वाढतात. दोन वर्षांखालील मुलांना स्निग्धांश कमी केलेले दूध देऊ नये. कोंडा आणि चोथा भरपूर असलेला प्रौढांचा ‘आरोग्यदायी’ आहार जसाच्या तसा लहानांना दिला, तर पोट चोथ्यानेच भरते.

लोह : पाळणाघराने एकाच पोषकद्रव्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे, तर ते लोहावर. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मतः मिळालेला साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह अत्यल्प असते. अमेरिकी शिफारशींनुसार सात ते बारा महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागते; प्रौढ पुरुषाला ८ मिलिग्रॅम पुरते. एक ते तीन वर्षांत ही गरज ७ मिलिग्रॅमवर येते. कमतरतेची लक्षणे ठळक नसतात. मूल लवकर दमते, लक्ष टिकत नाही, भूक मंदावते आणि त्यामुळे लोह आणखी कमी जाते. तान्ह्या वयातल्या तीव्र कमतरतेचा बौद्धिक विकासावरचा परिणाम पुढे लोह देऊनही पूर्ण भरून येईलच असे नाही.

पाळणाघरात ही कमतरता बहुतेकदा दुधाच्या बाटलीतून येते. रडले की बाटली, झोपवताना बाटली असे करत दिवसाचे दूध अर्ध्या लिटरच्या बरेच वर गेले की जेवणाला जागा उरत नाही. वरच्या दुधात लोह नगण्य, आणि त्यातले कॅल्शियम इतर अन्नातल्या लोहाचे शोषणही कमी करते. शिवाय बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलाचे पुढचे दात किडतात. वर्षाच्या आत साधे वरचे दूध मुख्य पेय म्हणून देऊच नये. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास बाटली सोडवून पेला हाती द्यावा. डाळी, शेंगा आणि पालेभाज्यांतले लोह सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्वाचे फळ किंवा टोमॅटो असला तर ते चांगले शोषले जाते. मांस, मासे यांतले लोह अधिक सहज मिळते. चहा मुलांना देऊ नये; त्यातील टॅनिन लोह अडवते.

साखर आणि फळांचा रस यांबद्दल थोडक्यात : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार मुक्त शर्करेतून, म्हणजे मुख्यतः वरून घातलेल्या साखरेतून, मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली असावी. फळाचा रस, मध आणि पाकही त्यातच मोजतात. पहिल्या वर्षात रस देऊ नये. नंतर तीन वर्षांपर्यंत दिलाच तर दिवसाला १२० मिलिलिटरच्या आत, जेवणासोबत आणि पेल्यातून. दोन खाण्यांच्या मधल्या वेळेत फक्त पाणी.

भरवण्याची रीत : ताटात काय वाढायचे, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवावे; त्यातले खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली ही जबाबदारीची वाटणी आज बालआहाराच्या प्रशिक्षणात अनेक ठिकाणी शिकवली जाते. ती समजायला सोपी आणि पाळायला फार अवघड आहे, कारण उरलेले ताट पाहून सांभाळणाऱ्या बाईचा जीव तुटतो. तरीही ‘एवढा एकच घास’ म्हणून दामटणे टाळावे; त्याने पोट भरल्याची आतली खूण मुलाला कळेनाशी होते. ‘भाजी संपव, मग गोड देते’ या सौद्याने भाजी शिक्षा ठरते आणि गोडाचे मोल वाढते.

मात्र निवड मुलावर सोडणे म्हणजे काहीही समोर ठेवणे नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२८ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नुकतीच वरच्या अन्नावर आलेली बाळे स्वतः निवडून खात होती आणि उत्तम वाढली. पण समोरचे सर्व पदार्थ साधे, ताजे आणि प्रक्रिया न केलेले होते. बाळे निवडत होती ती चांगल्यातूनच.

दोन ते सहा वर्षांत नव्या पदार्थाची धास्ती सर्वाधिक असते. एखादी भाजी स्वीकारायला ८ ते १५ वेळा चव घ्यावी लागू शकते; बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या नकारालाच ‘हिला आवडत नाही’ असे लिहून मोकळे होतात. येथे पाळणाघराला घरापेक्षा एक मोठी सोय आहे, ती म्हणजे पंगत. मानसशास्त्रज्ञ लिअॅन बर्च यांच्या १९८० च्या अभ्यासात, वेगळी भाजी निवडणाऱ्या सोबत्यांबरोबर काही दिवस बसवलेली मुले स्वतःच त्या भाजीकडे वळली. म्हणून नाके मुरडणाऱ्याला आवडीने खाणाऱ्यांच्या शेजारी बसवावे आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीने तेच अन्न त्यांच्याबरोबर खावे. पहिले वाढप लहान ठेवावे : प्रत्येक पदार्थ वयाच्या दर वर्षाला एक मोठा चमचा, हवे तर पुन्हा. वीस ते तीस मिनिटांत ताट न कुरकुरता उचलावे. नकाराची खरी कारणे अनेकदा वेगळीच निघतात : तासाभरापूर्वी प्यायलेले दूध, उलटून गेलेली झोपेची वेळ, पाय लोंबकळणारी उंच खुर्ची.

सुरक्षितता : मागच्या दाढा यायला अडीच-तीन वर्षे लागतात, तोवर मूल तोडते, पण दळून बारीक करू शकत नाही. अख्खी द्राक्षे, शेंगदाणे आणि इतर कठीण दाणे, कच्चे गाजर, मक्याच्या लाह्या, टणक गोळ्या हे घशात अडकणारे पदार्थ. द्राक्ष उभे चार भागांत चिरावे. आडवे कापले तरी गोल तुकडा श्वासनलिका बुजवू शकतो. मुलाने बसूनच खावे, आणि मोठ्या माणसाने नजर हटवू नये, कारण पूर्ण गुदमरलेले मूल आवाज करत नाही. जोरात खोकणाऱ्या मुलाला खोकू द्यावे. खोकता येत नसेल तर पाठीवर पाच थापा. तेवढ्याने निघाले नाही तर वर्षाखालील बाळाला छातीवर पाच दाब, मोठ्याला पोटावर पाच. हे आलटून पालटून चालू ठेवावे आणि त्याच वेळी मदत बोलवावी.

वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. त्यात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो. आईचे काढलेले दूध नाव-तारीख लिहून शीतकपाटात चार दिवस, २५ अंश सेल्सियसपर्यंतच्या खोलीत चार तास टिकते. उष्टे दूध दोन तासांनंतर टाकावे. दूध मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये, कारण मधेच चटका देणारे कढत भाग राहतात. भुकटीचे दूध किमान ७० अंशांच्या पाण्यात कालवून, निववून द्यावे. शिजवलेले अन्न दोन तासांहून जास्त उघड्यावर ठेवू नये. अॅलर्जी असलेल्या मुलाचे नाव, छायाचित्र आणि टाळायचे पदार्थ वाढपाच्या जागी लावावेत. ताटांची अदलाबदल ही नेहमीची चूक बदली व्यक्ती कामावर असतानाच जास्त होते.

नोंद : घरी पाठवायच्या चिठ्ठीत ‘छान जेवला’ असे मोघम न लिहिता काय वाढले, किती गेले, दूध किती आणि किती वाजता, हे लिहावे, रात्रीचे जेवण त्यावरून ठरते. दर महिन्याला वजन घेऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-आलेखावर बिंदू मांडावा. एका बिंदूवरून निष्कर्ष काढू नये. रेषा दोन-तीन महिने आडवी राहिली किंवा खाली वळली, तर पालकांशी बोलून मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे.