रडार असताना आकाशाकडे बघणारी माणसं कशाला?

अमेरिकेत वादळांचा मोसम आला की हे हमखास कानावर येतं: ढगातला वारा कसा फिरतो हे दाखवणारं डॉप्लर रडार आलं, आता आकाशावर नजर ठेवून वादळाची खबर देणाऱ्या हॅम रेडिओवाल्या (म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ संच चालवणाऱ्या) स्वयंसेवकांचं काय काम? काम आहे, आणि त्याचं कारण पृथ्वीच्या गोलाईत आहे.

रडारचा सर्वांत खालचा झोतही साधारण अर्धा अंश वर रोखलेला असतो. तो जवळपास सरळ जातो, जमीन मात्र खाली वळत जाते. म्हणून 100 किलोमीटरवर हा झोत जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच असतो, 200 वर तर चार. ढगाच्या पोटातलं फिरणं त्याला दिसतं. टोर्नेडो, म्हणजे ढगातून उतरणारा वाऱ्याचा भोवरा, जमिनीला टेकला का, हे इतक्या लांबून कळत नाही.

ते खाली उभा असलेला माणूस सांगतो. तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेचा 'स्कायवॉर्न' कार्यक्रम 1970 च्या दशकापासून अशा लोकांना प्रशिक्षण देतो. त्यांचा निरोप कोरडाच असतो: कुठे, किती वाजता, काय दिसलं. 'क्वार्टरच्या (पाव डॉलरच्या) नाण्याएवढी गार' म्हणजे एक इंच व्यासाची. तिथून पुढे वादळ 'तीव्र' धरतात. लोंबणारा फाटका ढग नवख्याला टोर्नेडो वाटतो. शिकलेला माणूस आधी तो फिरतोय का, हे बघतो.

आणखी एक गैरसमज, जाता जाता: निरीक्षक व्हायला हॅम परवाना लागत नाही, फोनवरूनही कळवता येतं. पण मोबाइलचे मनोरे बंद पडले, की गाडीच्या बॅटरीवर चालणारा हॅमवाल्याचा संचच बोलत राहतो.