क्लच तुटला तरी गिअर पडतो

सोलापूरहून तुळजापूरला निघालात आणि वाटेत क्लचचं पॅडल तळाला जाऊन तिथंच बसलं, की ‘गाडी आता टो करूनच न्यायची’ असं बहुतेकांना वाटतं. पण पॅडल दाबल्यावर क्लच जोडला जात नाही, तो सुटतो. इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक म्हणजे फ्लायव्हील; ते आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट स्प्रिंगने कायम दाबलेलीच असते. केबल तुटली किंवा क्लचचं ऑइल गळालं, तर इंजिन गिअरबॉक्सला जोडलेलंच राहतं, म्हणजे क्लचशिवाय गिअर बदलत गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. (प्लेट झिजून क्लच घसरत असेल, तर मात्र हा उपाय चालत नाही.)

मग गिअर कसा बदलायचा? गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गिअरांची चाकं एकमेकांत कायम गुंतलेली असतात. गिअर नीट पडला नाही की येणारा ‘खर्रर्र’ आवाज त्या चाकांच्या दातांचा नव्हेच. शाफ्टवर मोकळं फिरणारं चाक शाफ्टशी जखडते ती सरकणारी स्लीव्ह, आणि आवाज येतो तो तिच्या नि चाकाच्या बारीक दातांचा. या दोघांमध्ये सिंक्रोनायझरची पितळी रिंग असते. ती चाकाच्या शंकूवर घासून दोघांचा वेग सारखा करते आणि तो जुळेपर्यंत स्लीव्हला अडवून धरते. इतकी सुंदर रचना गाडीत दुसरी नाही! एरवी या रिंगला क्लच प्लेट, तिच्याबरोबर फिरणारा इनपुट शाफ्ट आणि त्याला गुंतलेली चाकं एवढ्यांचाच वेग बदलावा लागतो. क्लच सुटेनासा झाला की जड फ्लायव्हीलसकट अख्खं इंजिन तिच्या गळ्यात पडतं. म्हणून वेग आपण जुळवून द्यायचा.

समजा, दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर (गिअरबॉक्समधून बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे) १.९ आणि तिसऱ्याचं १.३ आहे. दुसऱ्यात इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत असेल, तर गाडीच्या त्याच वेगाला तिसऱ्यात २५०० × १.३ ÷ १.९, म्हणजे सुमारे १७०० फेरे हवेत. अॅक्सिलरेटर सोडा, दातांवरचा ताण गेला की दांडा हलकेच न्यूट्रलमध्ये येतो. फेरे १७०० च्या आसपास उतरले की दोन बोटांनी तिसऱ्याकडे दाबून धरा. जुळलं की तो आपोआप आत जातो. जोर लावू नका. खालच्या गिअरला उलट, न्यूट्रलमध्ये रेस देऊन फेरे २५०० पर्यंत चढवायचे. चढावर न्यूट्रलमध्ये गाडीचाच वेग पडतो, हिशेब चुकतो. म्हणून घाटात असं चालवू नका.

थांबायचं तर आधी न्यूट्रल, मग ब्रेक, मग इंजिन बंद. निघताना बंद गाडी पहिल्यात टाका, समोर मोकळं आहे हे पाहा, हँडब्रेक सोडून सेल्फ मारा; गाडी हिसका देत चालू होते. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तिथं निकामी पॅडलही दाबाच. सेल्फ आणि बॅटरी यांवर मोठा ताण येतो, तेव्हा सोलापुरातल्या सात रस्ता चौकासारख्या गर्दीत शिरू नका, जवळचं गॅरेज गाठा. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रोनायझर नसतो; तो इंजिन बंद करूनच टाका.

बंपरला लिंबू-मिरची बांधून केबलच्या उसवलेल्या तारा सांधत नाहीत. पॅडल जड होऊ लागलं की केबलचं टोक तपासून घ्या. ऑइलचा क्लच असेल, तर अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचची ऑइलची टाकी एकच असते. ऑइल गळालेलं दिसलं तर आधी ब्रेक दाबून पाहा. तो मऊ लागला, तर गाडी जागची हलवू नका.