कामाचे श्वानवंश आणि शोभेची पैदास (खानदेश)

राखण, हाकारणी (कळप हाकणे), शिकार किंवा माग काढणे अशा कामातून घडलेला कुत्र्यांचा वंश प्रदर्शनासाठी किंवा घरच्या हौसेसाठी पैदा होऊ लागला, की थोड्याच पिढ्यांत त्याची ठेवण, स्वभाव आणि आरोग्य बदलते. खानदेशात या बदलाची दोन्ही टोके एका दिवसाच्या प्रवासात दिसतात. साक्रीच्या माळावर ठेलारी मेंढपाळांचे बिनकागदाचे कुत्रे रात्री कळप राखतात. जळगाव-धुळ्याच्या कॉलन्यांत जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर आणि हस्कीची पिल्ले वंशावळीच्या कागदासह विकली जातात. शोभेच्या पैदाशीत कामाचा गुण कोणी मुद्दाम काढून टाकत नाही. तो तपासणे बंद होते, आणि तेवढे पुरते.

माळावरची निवड

दिवस मावळला की मेंढ्या वाघरात, म्हणजे दोरीच्या जाळ्याच्या कुंपणात, कोंडल्या जातात. कुत्रे आत नसतात. एखादा जाळ्याला पाठ लावून पडतो, दुसरा पन्नासेक पावलांवर बांधावर. लांडगा, तरस किंवा बिबट्या जवळ आल्याची चाहूल लागली की बांधावरचा आधी भुंकतो, मग सगळे मिळून कळप आणि जनावर यांच्यामध्ये उभे राहतात. लांडग्याला ठार करणे हे त्यांचे काम नाही. माणूस काठी आणि बॅटरी घेऊन येईपर्यंत त्याला अडवून धरायचे, एवढेच. त्यासाठी वीस किलोचा, भाकरीवर भागणारा, हलका कुत्रा पुरतो. पन्नास किलोचा कुत्रा या कामाला अडचणच, कारण चालत्या वाड्यात त्याचे पोट भरणे परवडत नाही.

इथे नर-मादीची जोडी कोणी ठरवत नाही. माजावर आलेली मादी वाटेतल्या गावच्या कुत्र्याकडूनही गाभण राहते. निवड होते ती पिल्ले जन्मल्यावर. कोकराच्या मागे धावून लोकर ओढणारे पिल्लू वाटेतल्या वस्तीवर देऊन टाकतात. गावात रमणारे मागेच राहते. रोगराईत काही जातात. दोन वर्षे कळपाबरोबर टिकलेल्यांचीच पुढची वेते कळपात वाढतात. रंग, कान, शेपूट यांकडे कोणी पाहत नाही, म्हणून एकाच वाड्यावर तांबडा, काळा आणि ठिपकेदार असे तीन कुत्रे दिसतात, पण रात्री तिघांचे वागणे सारखे असते.

शिकारी जनावराच्या वागण्याची एक साखळी असते: नजर रोखणे, दबा धरून सरकणे, पाठलाग, पकड, मारणे, फाडणे. राखणीच्या कुत्र्यात ही साखळी जवळजवळ निजलेली असते. हाकारणीच्या कुत्र्यात पहिल्या तीन कड्या तीव्र आणि पुढच्या दाबलेल्या असतात. निवड सुटली की कड्या भलत्याच जागी उगवतात. फ्लॅटमधला बॉर्डर कॉली मेंढ्यांऐवजी मोटारसायकलच्या चाकावर नजर रोखतो आणि धावणाऱ्या मुलांच्या टाचा धरतो, तो यामुळेच.

रिंगण आणि नोंदवही

कुत्र्यांचे पहिले संघटित प्रदर्शन १८५९ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला भरले आणि १८७३ मध्ये तिथे केनेल क्लब स्थापन झाला. त्यानंतर दोन गोष्टी रूढ झाल्या. एक, प्रत्येक वंशाचे लिखित मानक: उंची, डोके, कानांची ठेवण, रंग, चाल. दुसरी, बंद नोंदवही: आई-बाप दोघेही नोंदलेले असतील तरच पिल्लाची नोंद. परीक्षकाच्या हाती प्रत्येक कुत्र्यासाठी काही मिनिटे असतात. तो दात पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, रिंगणात एक फेरी मारायला लावतो. रात्री दोन वाजता बांधावर तो कुत्रा जागा असेल का, हे त्याला कळण्याची सोय नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रंग, भोवरे आणि नाचाची चाल यांवर भाव चढतो, ओढीची ताकद सहसा कोणी विचारत नाही. तोच हा प्रकार.

जर्मन शेफर्डचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. माक्स फॉन श्टेफानित्स यांनी १८९९ मध्ये होरांड फॉन ग्राफराथ या मेंढवाड्यातल्या कुत्र्यापासून हा वंश बांधायला घेतला, तो काम हेच प्रमाण मानून. पुढे प्रदर्शनात मागचा एक पाय ताणून उभे करण्याची पद्धत आणि तरंगती दुडकी चाल यांना गुण मिळू लागले. शोभेच्या शाखेत पुठ्ठा उतरता झाला, मागचे पाय जास्त वाकले. कामाच्या शाखेची पाठ सरळ राहिली. आज दोन्ही कुत्र्यांना एकच नाव असले तरी शेजारी उभे केले तर नवखाही फरक ओळखतो. पोलीस आणि निमलष्करी दले, त्यांत आपले केंद्रीय राखीव पोलीस दलही, बेल्जियन मालिन्वा या दुसऱ्या वंशाकडे वळली, त्याचे एक कारण हेच.

उलट वाट बॉर्डर कॉलीची. १९०६ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी कुत्र्याला मेंढ्यांवर कामाला लावून पाहते, आणि कागद नसलेल्या पण काम सिद्ध केलेल्या कुत्र्यालाही गुणवत्तेवर नोंदवते. १९९५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या वंशाला प्रदर्शनाची मान्यता दिली, तेव्हा काम करणाऱ्या पैदासकारांनीच विरोध केला होता. त्यांची भीती फाजील नव्हती.

स्वभावाच्या निवडीने शरीरही बदलते. १९५९ पासून नोव्होसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव यांनी चंदेरी कोल्ह्यांत फक्त माणसाळूपणा पाहून निवड केली. दहाएक पिढ्यांच्या आत काहींचे कान लोंबले, शेपट्या वळल्या, अंगावर पांढरे पट्टे आले. लॅब्रॅडॉरमध्ये २०१६ साली भुकेशी संबंधित पीओएमसी जनुकातली त्रुटी सापडली. ती सुमारे चौथ्या हिश्श्यातील कुत्र्यांत होती आणि साहाय्यक श्वानांत तिचे प्रमाण जास्त निघाले. खाऊसाठी काहीही शिकणारे पिल्लू निवडता निवडता लठ्ठपणाही निवडला गेला असावा. जळगावच्या दुसऱ्या मजल्यावरचा चाळीस किलोचा लॅब पाहताना दोष फक्त मालकाच्या पोळ्यांचा नसतो.

हिशेब कुठे चुकतो

आठ पिल्लांच्या वेतातून कामासाठी दोन ठेवायची आहेत, असे धरा. सर्व आठ समोर असतील तर चारांत एक असा कस लागतो. ‘फक्त फिकट तांबडीच हवीत’ अशी अट घातली आणि तशी चारच निघाली, तर कस दोनांत एक इतका ढिला झाला. त्यात मानकाची उंची जोडली की उरतील ती दोन ठेवावी लागतात, म्हणजे कामाची निवड संपली. कामाविरुद्ध एक शब्दही न बोलता.

दुसरी चूक गाजलेल्या नराची. बक्षीस मिळवलेला एक नर चाळीस माद्यांना लावला आणि दर वेताला सहा पिल्ले झाली तर २४० पिल्ले. त्या नरात एखादा सुप्त दोष, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा, असेल तर सरासरी १२० पिल्ले तो बाळगतील. पुढे एका शहरातली दोन सावत्र भावंडे एकत्र आली, तर सोळांत एक पिल्लू दोषासह जन्मते. सावत्र भावंडांच्या जोडीत अंतःप्रजननाचा गुणांक (पिल्लाला जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता) १२.५ टक्के, सख्ख्या भावंडांत किंवा बाप-लेकीत २५ टक्के. जिल्ह्यात एखाद्या विदेशी वंशाचे नर मोजकेच असतात, म्हणून मुद्दाम न करताही हे घडते. कागदावर किमान चार पिढ्यांची नावे असावीत आणि आई-बापांच्या बाजूला तेच नाव दोनदा येते का, हे बोट ठेवून पाहावे.

एकाच पूर्वजाचा दोष किती दूर जातो, हे काही औषधे मेंदूबाहेर ठेवणाऱ्या एमडीआर१ जनुकावरून कळते. कॉली गटातील अनेक वंशांतला हा बिघाड ब्रिटनमधल्या, नोंदवह्या बंद होण्याआधीच्या, एका कुत्र्यापर्यंत मागे नेता येतो; लांब केसांच्या कॉलींपैकी सुमारे ७० टक्क्यांत त्याची निदान एक प्रत असते. मेंढ्यांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन हे जंतांचे औषध कुत्र्याच्या खरजेवर अंदाजाने टोचण्याची सवय खेड्यांत आहे. दोन्ही प्रती बिघडलेल्या कुत्र्यात ते मेंदूत शिरते: लाळ गळते, बाहुल्या विस्फारतात, पाय लटपटतात, पुढे बेशुद्धी. कॉलीसारख्या किंवा त्यांच्या संकरित कुत्र्याला हे औषध डॉक्टरांना वंश सांगितल्याशिवाय देऊ नये.

कारवानी आणि पश्मी

महाराष्ट्र-कर्नाटकातला हा लांब पायांचा, नजरेने शिकार करणारा कुत्रा खानदेशातही हौशी लोक पाळतात. अंगावर आखूड केस तो कारवानी, कान-पाय-शेपटीला झालर तो पश्मी. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कारवान हाउंड म्हणून नोंदवते, तर कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने मुधोळ हाउंड या नावाने. दोन नावांमुळे दोन मानके आणि बराच वाद.

त्याचे काम कायद्यानेच संपले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर कुत्रा लावून ससा किंवा काळवीट धरणे हा गुन्हा आहे, आणि तो असावाच. पण त्याबरोबर या वंशाची मूळ परीक्षाही गेली. तिची जागा उंची, बारीक कंबर आणि शर्यतीतला वेग यांनी घेतली. शर्यतीसाठी ग्रेहाउंडचे रक्त घातले की सुरुवातीची झेप वाढते. दगडी माळावर लांब पल्ल्याला टिकणारा पंजा आणि उन्हातला दम मात्र तपासायचा राहून जातो. कायदेशीर पर्याय आहे: मोकळ्या पडीत वावरात तीनशे ते पाचशे मीटर दोरीला पांढरी प्लास्टिकची पिशवी बांधून मोटारीच्या रिळावर ओढायची आणि वळणांवर कुत्रा तोल कसा सांभाळतो, धाप किती मिनिटांत बसते, दुसऱ्या दिवशी लंगडतो का, हे लिहून ठेवायचे. हे उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरकावे.

तापमान

एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. कुत्रा घामाने नव्हे, धापेने थंड होतो. त्यासाठी नाक आणि तोंडाची ओली जागा लागते. पग आणि फ्रेंच बुलडॉग यांच्या आखडलेल्या मुस्कटात ती उरलेलीच नाही. हस्कीचे मुस्कट ठीक, पण दुपदरी केस बर्फासाठीचे. शिवाय पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती हस्कीत इतर बहुतेक कुत्र्यांहून कमी, म्हणजे भाकरीवर वाढवायला तो सर्वांत गैरसोयीचा. उन्हाचा झटका आल्यास (हिरड्या गडद लाल, चालताना झोक) आधी साधे थंड पाणी अंगभर ओतावे, पंखा लावावा, मग दवाखाना गाठावा; ओल्या टॉवेलात गुंडाळून नेले तर आतली उष्णता कोंडते.

पिल्लू निवडताना

मोठ्या वंशात खुब्याच्या सांध्याचा दोष सर्वाधिक. अमेरिकी पद्धतीत खुब्याच्या एक्स-रेवरून अंतिम दाखला वयाची दोन वर्षे झाल्यावरच मिळतो. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण, जितके कमी तितके चांगले. म्हणून दोन महिन्यांच्या पिल्लाचा ‘हिप क्लिअर’ दाखला कोणी दाखवला तर तो कागद निरर्थक आहे. मागायचा तो आई-बापांचा. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार पैदासकाराची नोंदणी लागते, मादी १८ महिन्यांआधी भरवता येत नाही, आयुष्यात पाचांवर वेते घेता येत नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. हे नियम मादीला वाचवतात. कामाचा कस त्यांत कुठेही नाही.

राखणीसाठी पिल्लू हवे असेल तर आईला अंधार पडल्यावर तिच्या जागेवर पाहावे. तीन ते सोळा आठवडे हे वय जोडले जाण्याचे. या काळात ते मेंढ्या-शेळ्यांच्या वासात वाढले पाहिजे. घरात मुलांबरोबर वाढवून सहाव्या महिन्यात वाड्यावर सोडलेले पिल्लू पुन्हा ओट्यावर येऊन बसते, आणि दोष वंशाला दिला जातो. पाच ते बारा महिन्यांत ते कोकरांशी खेळू लागते. तेव्हा रागावून उपयोग नाही, कोकरे वेगळी ठेवून त्याला जाणत्या कुत्र्याबरोबर आणि शिंगाड्या एडक्यांत सोडावे. दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत त्याच्या एकट्याच्या भरवशावर कळप सोडू नये.