हात हलला की समोरचा हलला? स्टॅबिलायझेशनकडून भलत्याच अपेक्षा

साधा एन्ट्री-लेव्हल डिजिटल कॅमेरा घेतलेल्या दोघांना विचारा, उत्तरं ऐकून डोकं गरगरेल. एक म्हणतो काय क्लिअर फोटो येतात, एवढ्या छोट्या डबीतून आणखी काय पाहिजे, आणि दुसरा, तोच कॅमेरा, तेच मॉडेल, म्हणतो भंगार आहे, दहातले आठ फोटो हललेले येतात, स्टॅबिलायझेशन (फोटो काढताना होणारी हाताची थरथर सांभाळायची सोय) म्हणून नुसता स्टिकर चिकटवलाय. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. पहिल्याने डोंगर, इमारती, फुलं असलं जागचं न हलणारं काढलेलं असतं आणि दुसऱ्याने रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात नाचणारं पोर काढलेलं असतं. मग पुरावा म्हणून तो नाचणाऱ्या पोराचा फोटो सगळ्यांना दाखवला जातो की बघा, कुठंय स्टॅबिलायझेशन. त्या फोटोचा आणि स्टॅबिलायझेशनचा काडीचा संबंध नाही, हे सांगून सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच नीट लिहितो.

हात हलल्याने येणारा ब्लर सगळ्यांना माहितीये, पटकन उरकतो. शटर उघडं असताना कॅमेरा हलला की अख्खं चित्र ओढल्यासारखं दिसतं, आणि झूम जितका जास्त तितकं जास्त. जुना ठोकताळा असा की फोकल लेंग्थ (झूमचा मिलिमीटरमधला आकडा, ३५ मिमी फिल्मच्या हिशोबात) २०० असेल तर शटर निदान १/२०० सेकंद इतकं फास्ट पाहिजे. ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनमध्ये कॅमेऱ्यातला जायरो (हालचाल ओळखणारा छोटा सेन्सर) ही थरथर मोजतो आणि लेन्समधलं एक भिंग (काही कॅमेऱ्यांत चित्र टिपणारा सेन्सरच) उलट्या दिशेला सरकवलं जातं. तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ) फायदा मिळाला तर १/२०० च्या जागी १/२५ ला सुद्धा हातात धरून फोटो बऱ्यापैकी शार्प येतो. कॅनन त्याला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, सोनी स्टेडीशॉट, पॅनासॉनिक ओआयएस, काम तेच.

आता खरी गोची.

तो जायरो कॅमेऱ्याच्या पोटात बसलेला असतो. त्याला फक्त कॅमेरा किती हलला ते कळतं. समोर कोण आहे, उभं आहे की उड्या मारतंय, याचा त्याला पत्ताच नसतो, आणि असता तरी तो काय करणार, भिंग सरकवून अख्खं चित्र एकाच बाजूला सरकतं, त्यात एकट्या पोराचा हात धरून ठेवायची सोय नाही. त्यामुळे समोरचं हललं तर ते हललेलंच येणार, तुमच्या कॅमेऱ्यात जगातलं सगळ्यात भारी स्टॅबिलायझेशन असलं तरी, आणि ट्रायपॉडवर लावला तरी. त्याला मुख्य उपाय एकच, शटर कमी वेळ उघडं ठेवणं. समजा टाळी वाजवणारा हात सेकंदाला एक मीटर वेगाने जातोय (टाळी जोरात असेल तर याहून जास्तच). १/२५ सेकंदात तो ४ सेंटीमीटर सरकतो, म्हणजे फोटोत बोटं गायब, नुसता एक गुलाबीसर पट्टा. १/२५० ला तोच हात फक्त ४ मिलिमीटर सरकतो आणि बोटं मोजता येतात. हात दोन्ही वेळा तोच, कॅमेरा तोच, बदललं ते शटर. गप्पा मारत बसलेल्या माणसाला १/६० च्या आसपास चालून जातं, चालणाऱ्याला १/१२५ लागतं, आणि धावणाऱ्या पोराला १/२५० च्या खाली मी तरी काढायला जात नाही.

आपल्या फोटोत यातलं नक्की काय झालंय ते ओळखायला काही यंत्र लागत नाही, फोटो पूर्ण मोठा करायचा आणि माणसाकडे न बघता त्याच्यामागच्या भिंतीकडे बघायचं. भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे, कपाटाची कड, दाराचं कुलूप, हे सगळं खणखणीत आणि पोर मात्र पुसल्यासारखं असेल तर हात हललेला नाही, पोर हललंय. घड्याळ, कपाट, पोर सगळंच एका दिशेला ओढलं गेलं असेल तर तुमचा हात हललाय. लांबचे छोटे दिवे असतील तर आणखी सोपं, हात हलला असेल तर प्रत्येक दिव्याची अगदी सारखी वळवळ आलेली दिसते, सगळ्या दिव्यांची एकाच आकाराची शेपटी. नाकाऐवजी मागचा पडदा शार्प असेल तर तो फोकस चुकलाय, त्याचा या भानगडीशी संबंध नाही, शटर बटण अर्धं दाबून हिरवी चौकट कुठे येते ते बघायची सवय लावा, विषय संपला. आणि फोटो बघताना डिस्प्लेचं बटण दाबलं की बहुतेक कॅमेरे शटर आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय तो आकडा) दोन्ही दाखवतात. कॅमेऱ्याला शिव्या द्यायच्या आधी ते दोन आकडे वाचायला काय जातं? पण नाही.

आता एक उलटी गोष्ट सांगतो, जी बऱ्याच जणांना पटत नाही. घरातल्या संध्याकाळच्या उजेडात एफ/३.२ वर (हा लेन्सच्या भोकाचा आकडा, जितका मोठा तितकं भोक लहान) हिशोब साधारण असा बसतो: आयएसओ ४०० ला शटर १/२५, ८०० ला १/५०, १६०० ला १/१००. ज्या कॅमेऱ्याला माहितीये की आपल्याकडे ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आहे, त्याचा ऑटो मोड निवांत असू शकतो, आयएसओ ४०० वरच थांबून १/२५ निवडतो, कारण थरथर तर आपण सांभाळू. भिंत छान शार्प येते, नॉइज (फोटोत दिसणारे दाणे) पण कमी, आणि पोराचं भूत होतं. ज्याच्यात स्टॅबिलायझेशन नाही तो बिचारा घाबरून आयएसओ वर चढवतो, शटर फास्ट होतं, फोटो दाणेदार येतो पण पोर ओळखू तरी येतं. म्हणजे चांगला समजला जाणारा कॅमेरा घेतलेला माणूस जास्त वैतागलेला असू शकतो, आणि यात ना त्याची चूक ना कॅमेऱ्याचा दोष, दोन वेगळ्या दुखण्यांवर तो एकच गोळी घेतोय.

डिजिटल स्टॅबिलायझेशनचा गोंधळ इथूनच सुरू होतो. ऑप्टिकल झूम खरा आणि डिजिटल झूम म्हणजे नुसतं कापून मोठं करणं, हे आता सगळ्यांना पाठ झालंय, त्यामुळे लोकांना वाटतं स्टॅबिलायझेशनचं पण तसंच असेल, ऑप्टिकल म्हणजे एक नंबर आणि डिजिटल म्हणजे त्याचीच जरा हलकी आवृत्ती. तसं नाहीये. व्हिडिओमध्ये डिजिटल प्रकाराला खरंच अर्थ आहे, कारण तिथे एकामागून एक फ्रेम असतात, प्रत्येक फ्रेमची कड थोडी कापून ती मागच्या फ्रेमशी जुळवून सरकवता येते. पण एका फोटोत सरकवणार काय, थरथर त्या एकाच एक्स्पोजरच्या आत होऊन गेलेली असते, रेघ ओढली गेली ती गेली. म्हणून स्टिल फोटोसाठी डिजिटल स्टॅबिलायझेशन किंवा अँटी-ब्लर अशा नावाखाली स्वस्त कॅमेऱ्यांत पुष्कळदा फक्त आयएसओ वाढवून शटर फास्ट केलेलं असतं, आणि बॉक्सवर मात्र स्टॅबिलायझेशन मोठ्या अक्षरात नि डिजिटल मुंगीएवढं. ही छपाई बघितली की माझं डोकं फिरतं. अर्थात विनोद असा की ही लबाडी नाचणाऱ्या पोराला थोडी तरी कामाला येते, ऑप्टिकल येत नाही.

कॅननने २०१७ च्या सुरुवातीला आयक्सस १८५ आणि आयक्सस १९० हे दोन जुळे भाऊ एकदमच आणले होते, ते या बाबतीत उत्तम उदाहरण आहे. दोघांत २० मेगापिक्सेलचा १/२.३ इंची सीसीडी सेन्सर, दिसायला जवळपास सारखे, पण १८५ ला ८ पट झूम आणि डिजिटल आयएस, १९० ला १० पट झूम आणि ऑप्टिकल आयएस. १९० ला वाय-फाय होतं, १८५ ला नव्हतं, आणि लोक दोघांतला फरक सांगताना वाय-फाय नि झूमवर थांबायचे. अरे बाबांनो, ऑप्टिकल आयएस हा यातला एकमेव फरक होता ज्यासाठी जास्तीचे पैसे टाकावेत! इमारती, देखावे, शांत बसलेली माणसं काढायची तर डोळे झाकून ऑप्टिकलवालाच घ्यायचा असं माझं ठाम मत आहे, मेगापिक्सेल बघूसुद्धा नका, एवढ्याशा सेन्सरवर १६ काय नि २० काय. फक्त तो घेऊन धावणारी पोरं थांबतील अशी आशा ठेवू नका.

झूमबद्दल वेगळं सांगायला हवं कारण हात हलणं आणि समोरचं हलणं ही दोन्ही दुखणी तिथे एकदम चिघळतात. या कॅमेऱ्यांची लेन्स झूम केली की आतलं भोक तुलनेनं लहान होत जातं. आयक्सस १८५ चंच बघा, रुंद टोकाला एफ/३.२ आणि पूर्ण झूमला एफ/६.९, म्हणजे उजेड साडेचार पटीपेक्षा जास्त कमी. वरच्या हिशोबात बसवलं तर आयएसओ ४०० ला १/२५ च्या जागी साधारण १/५ होतं आणि १६०० ला सुद्धा १/२० च्या आसपासच. १/५ सेकंद, पूर्ण झूमची २२४ मिलिमीटर फोकल लेंग्थ, हात पुढे ताणून धरलेले कारण डोळ्याला लावायला व्ह्यूफाइंडरच नाही. यात कुठलंही स्टॅबिलायझेशन तुमची अब्रू वाचवू शकत नाही, आणि हॉलच्या शेवटच्या रांगेतून स्टेजवरचा नाच पूर्ण झूमने काढून जे लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडून दिलंय. उठा आणि पुढे जाऊन उभे रहा, झूम पूर्ण मागे घ्या, तेवढ्यानेच शटर चार-साडेचार पट फास्ट होतं, कुठलंही सेटिंग न बदलता.

असल्या कॅमेऱ्यात शटर स्पीड थेट ठरवायची सोय बहुतेक वेळा नसते, आयएसओ मात्र प्रोग्रॅम मोडमध्ये बदलता येतो, तो ऑटोवरून काढून ८०० किंवा १६०० करा. नॉइज येईल. येऊ दे. ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा सेन्सर आहे, त्याच्याकडून आणखी काय काढणार, पण दाणेदार फोटोतलं हसू दिसतं आणि हललेल्या फोटोतलं दिसत नाही, त्यामुळे मी कधीही दाणेदारच घेईन. नॉइजला घाबरून आयएसओ १०० वर घट्ट बसणारे लोक मला समजतच नाहीत. फ्लॅशसुद्धा लोक उगाच बदनाम करतात, चेहरे पांढरेफटक येतात हे कबूल, पण फ्लॅशचा झोत सेकंदाच्या अगदी बारीक अंशात संपतो, म्हणून उडी मारलेलं पोर हवेतल्या हवेत थिजतं, फक्त दोन-तीन मीटरच्या आतच हं, त्यापुढे या छोट्या फ्लॅशचा दम संपतो. आणि फ्लॅश नको असेल तर हालचालीतला थांबा पकडा, झोका टोकाला गेला की एक क्षण थांबतो, उडी वर पोचली की थांबते, तिथे १/६० सुद्धा पुरतं. बटण मात्र अर्धं दाबून आधीच तयार पाहिजे, नाहीतर हा कॅमेरा फोकस शोधत बसेपर्यंत झोका परत खाली.

माझ्या मोबाइलमध्ये तर असं होत नाही, हे पण नेहमीचं. मोबाइल एक फोटो काढतच नाही, पटापट अनेक फ्रेम घेतो, प्रत्येक थोड्या वेळाची, आणि त्या जुळवून एक करतो, त्यामुळे हात आणि नॉइज दोन्ही आटोक्यात राहतात. सोनीने काही सायबर-शॉटमध्ये अँटी मोशन ब्लर नावाचा मोड दिला होता तो याच जातीचा. स्वस्तातल्या कॅमेऱ्यांत तो नसतो आणि त्यांचे प्रोसेसरही त्या दमाचे नसतात. ही तक्रार मात्र शंभर टक्के रास्त आहे, हिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जुना वापरलेला कॅमेरा घेत असाल तर ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन जिवंत आहे का ते दुकानातच बघता येतं, आणि त्यासाठी माणसाचा फोटो काढू नका. पूर्ण झूम करा, भिंतीवरचं कॅलेंडर किंवा छापील पाटी धरा, शटर १/३० च्या आसपास पडेल एवढ्या उजेडात मेनूतून स्टॅबिलायझेशन बंद करून पाच-सहा फोटो काढा, मग चालू करून तेवढेच काढा, आणि सगळे मोठे करून तारखांचे आकडे वाचून बघा. चालू असताना बहुतेक फोटोंत आकडे वाचता आले आणि बंद असताना जेमतेम एखाद्यात, तर यंत्रणा ठीक आहे. दोन्हीकडे सारखाच गिचमिड काला दिसला, किंवा चालू केल्यावर स्क्रीनवर चित्र आपोआप उड्या मारायला लागलं, तर तो कॅमेरा तिथेच ठेवा. आणि मेनूत बंद-चालूचा पर्यायच सापडला नाही तर स्पेसिफिकेशनमध्ये डिजिटल हा शब्द लपलाय का ते आधी बघून घ्या.