फिनिस्क नदीवरची हिंदुस्थानी धाटणीची देवडी

दक्षिण आयर्लंडमधील वॉटरफर्ड परगण्यात ड्रोमाना नावाची जुनी जमीनदारी आहे. फिनिस्क नदीवरचा पूल ओलांडताच तिचे प्रवेशद्वार लागते आणि त्यावर तांब्याने मढवलेला कांद्याच्या आकाराचा घुमट व सडपातळ मिनार दिसतात. जमीनदार हेन्री व्हिलियर्स-स्ट्युअर्ट 1826 मध्ये लग्न करून आले, तेव्हा कुळांनी स्वागतासाठी कागदाच्या लगद्याची कमान उभारली आणि पुढे तीच पक्क्या बांधकामात उतरली, असे सांगितले जाते.

ही धाटणी आयर्लंडला भारतातून थेट पोहोचली नाही. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी भारतातील इमारतींची 144 मुद्रित चित्रे प्रसिद्ध केली. पुढे इंग्लंडमध्ये सेझिनकोटचा वाडा आणि वास्तुकार जॉन नॅशने 1815 पासून नवे रूप दिलेला ब्रायटनचा राजवाडा याच धाटणीने सजले. या प्रवासात बाह्याकृती टिकली, रचना मात्र मागे राहिली. मकबऱ्याचा घुमट खालच्या मोठ्या दालनाला आच्छादतो. ड्रोमानाच्या घुमटाखालून केवळ रस्ता जातो.

कमानींच्या बाबतीतही हाच फरक महत्त्वाचा आहे. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र फारसा सोसत नाही. टोकदार कमान आपला भार अर्धवर्तुळाकार कमानीपेक्षा अधिक सरळ खाली उतरवते, त्यामुळे आधाराच्या भिंतींवर बाजूने पडणारा रेटा कमी होतो. महिरपीची, म्हणजे नागमोडी कडेच्या कमानीची, कड मात्र शिखराजवळ उलट वळते आणि दाबाची रेषा त्या वळणाने जाऊ शकत नाही. तो भार वळणामागच्या बांधकामालाच पेलावा लागतो. म्हणूनच महिरप दारे-खिडक्यांसारख्या लहान गाळ्यांना अधिक मानवते. ड्रोमानाच्या खिडक्या तर सरळसरळ गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपीय चर्चच्या धर्तीच्या, टोकदार आहेत, आणि या मिश्रणामुळेच या शैलीला हिंदू-गॉथिक म्हणतात.

द्वाराच्या दोन्ही अंगांना द्वारपालाच्या खोल्या आहेत. अशा जोड-देवड्या दिसायला डौलदार असल्या, तरी संसाराला फार गैरसोयीच्या असत, कारण एकाच कुटुंबाच्या खोल्या रस्त्याच्या दोन बाजूंना विभागल्या जात. मला ही गोष्ट घुमटाइतकीच लक्षणीय वाटते.

पाऊस, हवा आणि हवेतील गंधकयुक्त वायू यांच्या संपर्काने तांब्यावर क्षारांचा हिरवा थर चढतो आणि तोच आतल्या धातूची झीज मंदावतो. जुन्या वास्तू जपणाऱ्या आयरिश जॉर्जियन सोसायटी या संस्थेने 1960च्या दशकात या द्वाराची डागडुजी केली.